डिझेलचा ठोका

पेट्रोलच्या जीपवर ज्यांचे कान तयार झाले, ते मिस्त्री डिझेल आल्यावर चक्क बहिरे झाले. हे आमचे उस्ताद सांगायचे, आणि स्वतःलाही त्यात धरायचे.

महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिजच्या जीप जोडायला घेतल्या. पुढे त्यांत हरिकेन इंजिन आलं, सव्वादोन लिटरच्या आसपासचं. त्याची रचनाच गमतीची. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. टॅपेटची टिकटिक वरून येते की बाजूने, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला, एवढंच उस्तादांचं यंत्र. शंका आली की प्लगची वायर ओढायची आणि आवाज बदलतो का ते बघायचं.

१९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि जीपमध्ये ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसू लागलं. मग प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आलं: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. ते बनायचं इगतपुरीला, कसारा घाटाच्या माथ्यावर. नोझलचा कारखाना सातपूरला, गाड्यांचा कारखाना नाशकात. आमच्या धंद्याचं सगळं गोकुळ पन्नासेक किलोमीटरच्या आत होतं, आणि लासलगाव-पिंपळगावचा कांदा त्याच गाड्यांतून घाट उतरायचा.

पण डिझेलला प्लगची वायर नाही. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेट घेतं, प्रत्येक जळणाचा हातोडा बसतो. निरोगी इंजिनही खडखडतं, मग दुखणं ऐकायचं कसं? उस्तादांना ते दाखवलं एसटीच्या डेपोत अप्रेंटिसशिप केलेल्या एका पोराने. एसटी १९४८ पासून धावतेय. डिझेलचं शिक्षण गावोगावच्या गॅरेजांना तिच्याच डेपोंनी दिलं, असं माझं मत आहे. हे श्रेय तिला कोणी देत नाही.

रीत अशी. इंजिन आयडलवर ठेवायचं. सतराच्या पान्याने नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून ढिला करायचा. फेसाळ डिझेल बाहेर येतं, तो सिलिंडर पडतो, गाडी लंगडते. पहिला, दुसरा, ठोका तसाच. तिसरा ढिला केला की ठोका एकदम विरतो. कारण जळणाचा मार थांबला की पिस्टन कनेक्टिंग रॉडला तसा दणका देत नाही, आणि झिजलेल्या बेअरिंगमधली ढिलाई वाजत नाही.

इथे उतावळा मिस्त्री लगेच इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवतो. उस्ताद आधी तिसऱ्याचं नोझल काढून पहिल्याला लावायचे. आवाज नोझलबरोबर पहिल्याकडे गेला, तर खर्च नोझलचा. शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. तिसऱ्यातच राहिला तर मग चेंबर खाली. बिग-एंडच्या बेअरिंगवरचा करडा थर जाऊन तांबं दिसायचं. क्रँक मायक्रोमीटरने मोजायचा. अंडाकृती झाला असेल तर लेथवाल्याकडे नेऊन पाव मिलिमीटरने ग्राइंड करायचा आणि अंडरसाइझ बेअरिंग भरायचं. नुसतं नवं बेअरिंग घालून गाडी सोडणारेही होते. दोन महिन्यांत तोच ठोका परत यायचा, आणि गाडी दुसऱ्याच गॅरेजात जायची.

टॅपेट मात्र या परीक्षेत फसवत नाही. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून त्याची टिकटिकही निम्म्या तालात, आणि नट ढिला केला तरी ती चालूच राहते. फिलर गेज सरकवायचं, लॉकनट आवळायचा, विषय संपला. थंड इंजिन खडखडून गरम झाल्यावर शांत होत असेल, तर पिस्टन आणि लाइनर थोडे सैल. त्याला घाई नाही. हंगाम काढून घ्या, असंच आम्ही सांगायचो.

कॉमन रेल आलं आणि पाना बाजूला ठेवावा लागला. त्या पाइपात दाब हजार बारच्या वरही जातो. चालू इंजिनावर नट ढिला केला तर तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. आता पोरं स्कॅनर लावतात आणि स्क्रीनवरून एकेक इंजेक्टर बंद करतात. बंद होतो तो सिलिंडरच, परीक्षाही तीच. पण ठोका बेअरिंगचा आहे असं काही तो स्कॅनर लिहून देत नाही. त्यासाठी अजूनही गाडीखाली झोपून चेंबरचे बोल्ट खोलावे लागतात.