तांबड्या समुद्रावर सातवाहन नाणी

तिरोडा तालुक्याच्या कडेने वाहणारी वैनगंगा पुढे पवनीला पोहोचते. तेथे १९६९-७० च्या उत्खननात मौर्य-सातवाहनकालीन स्तूप उजेडात आले. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्याच राजघराण्याची दोन नाणी मात्र थेट मिसरमध्ये, तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात मिळाली आहेत. तेथील आयसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात २०२२ मध्ये ७१ सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती निघाली. सेरापिसच्या देवळात तर भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी!

आयसिस ही खलाशांची राखणदार. दिराने नवऱ्याचे, ओसायरिसचे, तुकडे करून विखुरले; ते तिने वेचले. प्लूटार्कच्या नोंदीनुसार, जिथे जो अवयव मिळाला तिथे तिने समाधी बांधली, म्हणून देशभर ओसायरिसच्या समाध्या. आपल्याला सतीची शक्तिपीठे आठवणारच. पण शक्तिपीठांची कथा पुष्कळ नंतरची. साम्य दिसले की उसनवारी जाहीर करण्याची आपल्याकडची घाई येथे कामाची नाही. नाण्यांचा आणि मिरीचा पुरावा अधिक बोलका. शिवाय रोमन सम्राट फिलिपच्या काळात (२४४-२४९) कुणी भारतीयाने बेरेनिकेत संस्कृत लेखही कोरून ठेवला आहे.