जहाजं मोडीत निघतात, नावं नाही

मंडळी, परवा कर्जतहून गाडी घाट चढत असताना एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, आयएनएस शिवाजी हे जहाज लोणावळ्याच्या डोंगरावर कसं गेलं?" अख्खा डबा हसला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आयएनएस शिवाजी ही नौदलाच्या इंजिनिअरांची १९४५ पासूनची प्रशिक्षण संस्था. मुंबईतलं आयएनएस आंग्रे हाही किनाऱ्यावरचा तळच.

मग खऱ्या जहाजांना नावं कशी देतात?

जपान्यांची रीत बघा. त्यांच्या जुन्या विनाशिका म्हणजे वारा, पाऊस आणि हिमवादळ. हारुसामे म्हणजे वसंतातला पाऊस, युकिकाझे म्हणजे बर्फाचा वारा. उद्या आपल्या नौदलाने 'वळीव' नावाची विनाशिका काढली तर कसं वाटेल? युकिकाझे दुसऱ्या महायुद्धातून सलामत राहिली, पुढे चीनला द्यावी लागली. १९५६ मध्ये जपानने नवी विनाशिका बांधली, नाव पुन्हा युकिकाझे!

आपली पद्धतही तशीच. १९४९ मध्ये ब्रिटिशांकडून तीन जुन्या विनाशिका घेतल्या. त्यांची इंग्रजी नावं 'आर' अक्षराची, म्हणून आपण ठेवली राजपूत, राणा, रणजित. त्या निवृत्त झाल्यावर रशियन बनावटीच्या नव्या विनाशिका आल्या, तरी हीच तीन नावं परत आली. सोबत रणवीर, रणविजय. पुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिकांना शहरांची नावं मिळाली: दिल्ली, म्हैसूर, मुंबई, मग कोलकाता, कोची, चेन्नई, आणि आता विशाखापट्टणम, गोव्याचं मुरगाव, इम्फाळ, सुरत.

विनाशिकांपलीकडे पाहिलं तर आपणही आहोत. आपल्या डोक्यावरचा सह्याद्री २०१२ पासून फ्रिगेट होऊन समुद्रात फिरतोय. थळच्या समोरचा खांदेरी किल्ला, जिथे १६७९ मध्ये महाराजांच्या आरमाराने इंग्रजांना दमवलं, तो १९६८ मध्ये पाणबुडी झाला. ती पाणबुडी १९८९ मध्ये निवृत्त झाली. २०१९ मध्ये नवी खांदेरी नौदलात दाखल झाली.

आणि आपल्या गावात? सत्ता बदलली की चौकाचं नाव बदलायची घाई. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो मोठा आणि चौकाचं नाव कोपऱ्यात. खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे, २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखानाची फौज जिथे कोंडली गेली. नेताजी पालकरांचं चौक गावही इथलंच. किती शाळकरी पोरांना हे सांगता येईल? विचारून बघा.

लोखंड पंचवीस-तीस वर्षांत मोडीत निघतं. नाव पुढच्या जहाजावर चढतं, कारण ते जपायचं असं कुणीतरी ठरवलेलं असतं. आपण काय ठरवलंय?