काकवीची मऊ कुकी : नाताळचा एक जुना मसालेदार पदार्थ

सुंठ, लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा दरवळ असलेली, काकवीमुळे गडद तपकिरी झालेली कुकी हा उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरोघरी होणारा पदार्थ आहे. बिस्किटाप्रमाणे ती कुरकुरीत नसते. ती मऊ व ओलसर असते, चावताना दातांना किंचित प्रतिकार करते आणि हवाबंद डब्यात आठवडाभर तशीच राहते. हा गुण तिला लोण्यापेक्षाही काकवीमुळे मिळतो. म्हणून ही कुकी करू पाहणाऱ्याने प्रथम काकवी ओळखून घेणे अगत्याचे आहे.

काकवी आणि मळी यांतील भेद

परदेशी पाककृतींत ‘मोलॅसिस’ हा घटक सांगितलेला असतो. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून त्यातील साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर जो दाट, काळसर पाक उरतो तो मोलॅसिस. पहिल्या उकळीनंतरचा पाक फिकट व गोड असतो, दुसऱ्या उकळीनंतरचा अधिक गडद, तर शेवटचा जवळजवळ काळा आणि कडवट असतो. कुकीसाठी पहिले दोनच वापरतात.

आपल्याकडे मोलॅसिसचे भाषांतर अनेकदा ‘मळी’ असे केले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. कारखान्यातील मळी ही शेवटची, कडवट अवस्था असून ती मद्यार्कनिर्मितीसाठी व पशुखाद्यात वापरली जाते. ती स्वयंपाकघरात आणण्याची वस्तू नव्हे. आपल्या कामाची आहे ती काकवी, म्हणजे गूळ होण्याच्या आधी कढईतून उतरवलेला उसाचा दाट रस. तिच्यातून साखर काढून घेतलेली नसल्याने ती मोलॅसिसपेक्षा गोड आणि सौम्य असते. रंग व स्वाद अधिक गडद हवा असल्यास गोमंतकीय घरात त्यावर सोपा उपाय आहे. पाककृतीतील निम्म्या साखरेऐवजी दोदोलासाठी आणलेला माडाचा काळा गूळ किसून घालावा. त्याचा किंचित धुरकट, खमंग स्वाद मोलॅसिसची उणीव चांगली भरून काढतो.

मार्बलहेडचा वारसा

युरोपात मसालेदार गोड भाकरीची परंपरा मध्ययुगापासून आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराची लेबकुखेन ही मधात केलेली भाकरी नाताळसाठी आजही प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत मधाची जागा मोलॅसिसने घेतली, कारण कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांतून ते स्वस्तात येत असे. या व्यापाराचे महत्त्व एवढे होते, की 1733 साली ब्रिटिश संसदेने परकीय वसाहतींतून येणाऱ्या मोलॅसिसवर प्रतिगॅलन सहा पेन्स कर बसवला.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्बलहेड हे मच्छीमारांचे गाव या व्यापारात गुंतलेले होते. तेथील खारवलेल्या कॉड माशांपैकी हलक्या प्रतीचा माल कॅरिबियन मळ्यांवर जाई आणि गुलाम केलेल्या आफ्रिकी मजुरांना खाऊ घातला जाई. त्याच मजुरांच्या श्रमातून निघालेले मोलॅसिस परतीच्या जहाजांतून उत्तरेकडे येई. तेथे त्याची रम गाळली जाई आणि घरोघरच्या भट्टीत त्याची भाकरी व कुकी भाजली जाई.

याच गावातील एक कुकी ‘जो फ्रॉगर’ या नावाने आजही ओळखली जाते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कृष्णवर्णीय सैनिक जोसेफ ब्राऊन आणि त्यांची पत्नी ल्युक्रेशिया ही दोघे मार्बलहेडमध्ये एक मद्यालय चालवीत. नाव जोसेफ यांचे लागले असले, तरी कुकी करणारे हात ल्युक्रेशियाचे होते असे तेथे सांगितले जाते. मोलॅसिस, रम, मसाले आणि समुद्राचे खारे पाणी घालून केलेल्या या मोठ्या कुकीत अंडे किंवा दूध नसे. त्यामुळे ती फार दिवस टिके आणि मच्छीमार ती पिंपात भरून समुद्रावर नेत. ज्या पदार्थामागे गुलामगिरीचा व्यापार उभा होता, त्याच पदार्थातून एका कृष्णवर्णीय दांपत्याचे नाव मात्र गावाच्या स्मरणात राहिले.

मऊपणा कशामुळे येतो?

साखर थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकरूप घेते, म्हणून केवळ साखरेची कुकी कडक होते. काकवीत साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. ते स्फटिक बनू देत नाहीत, शिवाय पाणी धरून ठेवतात. काकवीची सौम्य आम्लता खाण्याच्या सोड्याशी संयोग पावते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड कुकी फुगवतो. सोड्यामुळे रंगही गडद येतो. मात्र सोडा अधिक पडल्यास साबणासारखी चव येते, म्हणून प्रमाण पाळावे.

साहित्य (सुमारे 9 सेंटीमीटर व्यासाच्या 12 कुकींसाठी)

मैदा 190 ग्रॅम; काकवी 170 ग्रॅम; साखर 100 ग्रॅम (किंवा साखर 50 ग्रॅम आणि माडाचा गूळ 50 ग्रॅम); मऊ केलेले बिनमिठाचे लोणी 60 ग्रॅम; रम 40 मिलिलिटर (रम नको असल्यास तेवढेच कोमट पाणी); खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा; मीठ पाऊण छोटा चमचा; सुंठपूड 1 छोटा चमचा; दालचिनीपूड अर्धा छोटा चमचा; लवंगपूड व जायफळपूड प्रत्येकी पाव छोटा चमचा.

कृती

1. काकवी गाळून घ्यावी. तिच्यात सोडा ढवळून 15 मिनिटे ठेवावी. हळूहळू फेस येऊ लागतो.

2. रमीत मीठ विरघळवावे. मैदा आणि मसाले एकत्र चाळावेत.

3. लोणी व साखर (गूळ घेतल्यास किसलेला गूळही) हलके होईपर्यंत फेटावे. त्यात रम, मग थोडा मैदा आणि थोडी काकवी असे आळीपाळीने घालून मिसळावे. पीठ चिकट असते; ते घट्ट करण्यासाठी जास्तीचा मैदा घालू नये.

4. पीठ झाकून रात्रभर शीतकपाटात ठेवावे. आपल्या उष्ण हवेत ही पायरी टाळता येत नाही. लोणी पातळ राहिले तर कुकी भट्टीत पसरते, आणि मसाल्यांना मुरायलाही हा वेळ लागतो.

5. मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर पीठ सुमारे 6 मिलिमीटर जाडीचे लाटून वाटीने गोल कापावे. एका वेळी निम्मेच पीठ बाहेर काढावे.

6. आधी तापवलेल्या भट्टीत 190 अंश सेल्सिअसवर सुमारे 8 मिनिटे भाजावे. कडा बसलेल्या आणि मध्यभाग अजून कच्चा वाटत असतानाच ताट बाहेर काढावे. 10 मिनिटे ताटातच ठेवल्यास मध्यभाग आपोआप बसतो.

बिघडण्याची कारणे

कुकी कडक झाली, तर बहुधा ती दोन-तीन मिनिटे अधिक भाजली गेलेली असते किंवा लाटताना मैदा फार पडलेला असतो. ती पसरून पातळ झाली, तर पीठ पुरेसे गार नव्हते. कडवट चव आली, तर लवंग किंवा सोडा मापापेक्षा जास्त पडला असे समजावे. बाजारात काकवीच्या नावाने साखरेचा रंगीत पाकही मिळू शकतो. त्याने स्वाद येत नाही आणि मऊपणाही फसतो, म्हणून बाटलीवरील घटक वाचून घ्यावेत.

साठवण

कुकी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी, थरांमध्ये कागद घालावा आणि झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या दिवशी मसाले अधिक खुलतात, म्हणून नाताळच्या तीन-चार दिवस आधी केलेली कुकी ताज्या कुकीपेक्षा सरस लागते. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या आणि कलकल यांनी भरलेले ताट शेजारी धाडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या ताटात ही कुकी सहज सामावते, आणि अंडे नसल्यामुळे ते न खाणाऱ्या शेजाऱ्यांनाही देता येते.