फोटो द्यावा, पण पावती घेऊन

तिलारी धरणाच्या पाण्याखाली पाटये, शिरंगे, केंद्रे अशी गावे गेली. तिथली घरे, देवळे, पाणंदी पुन्हा बघायच्या तर आता जुने फोटो तेवढे उरले, आणि तेही ट्रंकेत, दर पावसाळ्यात बुरशी धरत. स्मरणिकेसाठी फोटो मागायला फिरलो तेव्हा दोन-तीन घरांत एकच प्रश्न आला, "संग्रहालयाला देऊन टाकूया काय?" म्हणून हे चार शब्द.

फोटोग्राफी आपल्या मुलखाला नवी नव्हे. शेजारच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड सर्वांना ठाऊक. भायखळ्याच्या संग्रहालयाला 1975 पासून त्यांचे नाव आहे. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी 1854 साली निघालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद, देशातल्या अगदी पहिल्या फोटोग्राफरांपैकी. त्या पिढीचे काम आज बघायला मिळते ते मुख्यतः ग्रंथालयांनी नि संस्थांनी जपले म्हणून. घरोघरी राहिलेल्यांचे काय झाले असेल, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा द्यावेत, हे माझे मत. पण कसे? बँकेत 'सेफ कस्टडी'साठी आलेले सीलबंद पाकीट पावती दिल्याशिवाय आम्ही आत नेत नसू. इथे तर कायदाच सावध करतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस नुसता ताबा दिल्यानेही पुरे होते, नोंदणी लागतेच असे नाही. म्हणजे कागद नसेल, तर उसना दिलेला अल्बम पुढे दान ठरवणे सोपे. आमच्या एका नातेवाइकांकडून एका संस्थेची माणसे "वायच बघून परत देतंव" म्हणून जत्रेचे तीसेक फोटो घेऊन गेली. पुढे माणसे बदलली, फोटो परत आलेच नाहीत. मागायचे तरी कशाच्या आधारावर? पावतीवर उसने की कायमचे, नग किती, परत कधी, आणि संस्था बंद पडली तर कोणाकडे जाणार, एवढे यायलाच हवे.

आणखी एक. फोटो जवळ असणे वेगळे, त्याचा कॉपीराइट असणे वेगळे. 1957 च्या कायद्याप्रमाणे पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. पाहुण्याने हौसेने काढलेला असेल तर त्या पाहुण्याचा. छापण्याची परवानगी म्हणून वेगळी लिहून द्यावी.

देण्याआधी स्कॅन करून घ्यावे. लॅमिनेशन मुळीच नको. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे; बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. 'आबांची आत्या' असे लिहून भागत नाही, पूर्ण नाव, गाव, साल हवे. बुडालेल्या गावांतले चेहरे ओळखणारी मंडळी आता ऐंशीच्या पुढे गेली. चतुर्थीला मुंबई-पुण्याची मुले घरी येतात. आरत्या आटोपल्या की ट्रंका तेव्हाच उघडाव्यात.