सासवण्याची म्हैस आणि माझा आजा

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. मागे विद्यार्थ्यांना घेऊन अलिबाग तालुक्यातील सासवण्याला गेलो होतो. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांचे शिल्पालय तिथे आहे. अंगणात एक सिमेंटची म्हैस आहे. आमच्यातल्या गवळी-धनगर वाडीच्या एका मुलाने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सर, हिचा खांदा खरा आहे." त्या क्षणी मला माझा आजा आठवला.

करमरकर याच सासवण्याचे. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरच्या दृष्टीस पडले आणि या खेड्यातल्या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट सापडली. पुढे कलकत्ता, मग लंडनची रॉयल अकादमी. पुण्यात शिवाजी महाराजांचे स्मारक व्हावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. त्यांच्या निधनानंतर, १९२८ साली, तो अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो करमरकरांच्या हातचा. नाव झाले ते या पुतळ्याने. पण सासवण्यात भेटतात ती गावची माणसे आणि गावची जनावरे. कोळीण आहे, म्हैस आहे. सिमेंटसारख्या रुक्ष वस्तूतून त्यांनी जनावराच्या कातडीखालचे हाड आणि स्नायू जाणवून दिले आहेत. त्यांच्या नजरेचा आणि कष्टाचा मान ठेवूनच मी पुढचे लिहितो आहे.

कलेक्टरची नजर पडायला आधी देवळाची भिंत लागते. त्या काळी आमच्या पोरांना त्या भिंतीजवळ कोणी फिरकू दिले असते?

ज्या कुलाबा जिल्ह्यात सासवणे, त्याच जिल्ह्यात महाड. पुण्याचा पुतळा उभा राहण्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी तिथे मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा आदेश दिला. तो शब्द आमच्या वाडीपर्यंत पोचला, पण गावकीचा दाब एका दिवसात सुटत नाही. आजा पोरवयात बापाबरोबर मेलेली गुरे ओढायला आणि सोलायला गेला होता. तो सांगे, "म्हशीचा खांदा भायरून बघून कळत नाय. आतून बघायला लागतो." कोणता सांधा कुठे सुटतो, पाठीचा कणा कुठे वळतो, हे तो डोळे मिटून सांगू शके.

जे ज्ञान कलाशाळेत शरीररचनेचा अभ्यास म्हणून प्रतिष्ठा पावते, तेच ज्ञान आमच्या हातात विटाळ ठरले. त्या कामाचे गोडवे मला गायचे नाहीत. ती लादलेली गुलामी होती. बाबासाहेबांनी ती सोडायला लावली आणि म्हणूनच आज माझ्या हातात खडू आहे. परंतु गुलामी टाकताना त्या हातांची जाणही नोंद न होता मातीत गेली, याचा हिशेब इतिहासाने कधी मांडलेला नाही. प्रस्थापित कलासमीक्षा निसर्गापासून मिळालेल्या प्रेरणेबद्दल पुष्कळ बोलते. निसर्गाशी ज्यांचा संबंध रक्ता-घामाचा होता, त्यांना ती प्रेरणा का मिळाली नाही, हा प्रश्न ती विचारीत नाही. प्रेरणा होती. भिंत नव्हती, माती नव्हती, सवड नव्हती.

आमच्या जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातील कशेळीच्या कातळावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी आहेत. कोरणाऱ्याचे नाव नाही, जात नाही. जनावराकडे पाहणारा डोळा कोण्या एका वर्णाची मिरास नव्हे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

शिक्षक मित्रांनो, वाडीतली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या हातांना काय ठाऊक आहे ते लिहून घ्या. मी एवढेच केले आहे. सहलीहून परतल्यावर त्या मुलाला पाच किलो शाडू आणून दिला. त्याने पहिल्यांदा खांदाच घडवला.