डुलूथच्या टेकडीवरची शिरगणती

सप्टेंबर उजाडला, की मिनेसोटातली आपली मराठी मंडळी दोन कामांत गुंतलेली असतात. एक गणपती, आणि दुसरे म्हणजे 'फॉल कलर्स' बघायला उत्तरेला कधी जायचे याचा बेत. मिनियापोलिसहून दीडशे मैलांवरच्या डुलूथला जाऊन लेक सुपीरियर पाहायचे, लिफ्ट ब्रिजखालून जाणाऱ्या बोटींचे फोटो काढायचे, लाल-पिवळी पाने डोळ्यांत साठवायची आणि रात्री घरी परतायचे, हा आपला ठरलेला कार्यक्रम. पण त्याच गावाच्या माथ्यावर, स्कायलाइन पार्कवेच्या कडेला 'हॉक रिज' नावाची एक टेकडी आहे, तिकडे आपली गाडी सहसा वळत नाही. तिथे काही माणसे दिवसभर दुर्बिणी लावून आकाशातले पक्षी मोजत असतात. हे मोजणे कसे सुरू झाले ते समजल्यावर मला राहवले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी भूगोल पाहू. कॅनडाच्या जंगलांत उन्हाळा काढलेले ससाणे, शिक्रे, गरुड थंडीच्या आधी दक्षिणेकडे निघतात. वाटेत आडवे येते लेक सुपीरियर. क्षेत्रफळाने हे गोड्या पाण्याचे जगातले सर्वांत मोठे सरोवर. शिकारी पक्षी लांबच्या प्रवासात पंख फार मारत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यावर स्वार होऊन ते घिरट्या घेत उंच जातात आणि मग घसरगुंडीसारखे पुढे तरंगत जातात. थंडगार पाण्यावर अशी हवा मिळत नाही. म्हणून ते तळे ओलांडायचे टाळतात आणि त्याच्या काठाकाठाने नैर्ऋत्येकडे सरकतात. तळ्याचे पश्चिमेचे टोक म्हणजे डुलूथ. शेकडो मैलांवरून आलेले पक्षी नरसाळ्यातून ओतावेत तसे या एका टेकडीवर येतात.

ही गोष्ट पक्षिमित्रांच्या आधी बंदूकवाल्यांच्या ध्यानात आली होती. १९४० च्या दशकात नेमबाजीची हौस भागवायला लोक याच टेकडीवर येत आणि उडते पक्षी टिपत. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे चोर, अशीच त्या काळची समजूत होती. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९२९ मध्ये बाज मारणाऱ्याला प्रत्येकी पाच डॉलरचे बक्षीस लावले होते. त्या राज्यातल्या एका डोंगरावर चाललेली कत्तल रोझली एज नावाच्या न्यूयॉर्कच्या बाईंना सहन झाली नाही. १९३४ साली त्यांनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी अर्मा यांना तिथे राखणीला ठेवले. ब्राउन राखण करता करता पक्षी मोजू लागले. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला हॉक माउंटन.

डुलूथमध्ये असा कुणी धनिक पुढे आला नाही. तिथे होता गावातला बर्ड क्लब. त्याच्या सभासदांनी आवाज उठवला, गोळीबार बंद पाडला आणि १९५१ मध्ये टेकडीवर रीतसर मोजणी सुरू केली. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलूथ शाखेतले जीवशास्त्राचे प्राध्यापक पी. बी. हॉफ्सलुंड यांनी या नोंदींचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये 'विल्सन बुलेटिन' या शास्त्रीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पुढे १९७२ साली 'नेचर कॉन्झर्व्हन्सी'च्या मिनेसोटा शाखेकडून कर्ज काढून डुलूथ ऑड्युबॉन सोसायटीने शहराला पैसे दिले आणि शहराने टेकडीचा सर्वांत उंच भाग राखीव जागा म्हणून विकत घेतला. कर्ज काढून ते पैसे नगरपालिकेला देणारी हौशी संस्था! मंडळाचा हॉल भाड्याने घेताना होणारी आपली ओढाताण आठवली, की या लोकांचे मोल जास्तच जाणवते.

आता मोजतात कसे ते सांगतो. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत रोज, तासातासाचा हिशेब ठेवला जातो. कोणत्या जातीचे किती पक्षी गेले, वारा कुठला होता, ऊन होते की ढग, सगळे टिपले जाते. थंडीची लाट येऊन गेली आणि वायव्येचा वारा सुटला, की दिवस चांगला. 'ब्रॉड-विंग्ड हॉक' हे पक्षी तर शेकड्यांनी एकत्र घिरट्या घेतात. त्या घोळक्याला इथे 'केटल' म्हणतात, कारण तो किटलीत उकळणाऱ्या पाण्यासारखा दिसतो. फिरत्या घोळक्यात मोजायला गेले तर डोके गरगरते. म्हणून अनुभवी माणूस घोळक्याच्या वरच्या टोकाकडून पक्षी ओळीने बाहेर पडतात, तेव्हा मोजतो. १५ सप्टेंबर २००३ या एका दिवशी डुलूथवरून एक लाखाहून जास्त शिकारी पक्षी गेले, आणि त्यांतले बहुतेक सगळे याच जातीचे होते.

असा दिवस पेपरात छापून येतो. पण मी एकदा ऑक्टोबरमधल्या ढगाळ दिवशी तिथे गेलो, तेव्हा तासाभरात चारच पक्षी दिसले. मोजणाऱ्याने तेही काळजीपूर्वक लिहिले आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. माझा पोटापाण्याचा धंदा आकड्यांचाच, त्यामुळे मला हा माणूस लगेच कळला. भरघोस दिवसच लिहिले आणि कोरडे दिवस गाळले, तर वहीत कौतुक उरते, पुरावा उरत नाही.

पुराव्याची गरज कधी पडेल हे आधी सांगता येत नाही. हॉक माउंटनच्या वह्यांत तसेच झाले. १९३५ ते १९३९ या काळात तिथे दिसलेल्या गरुडांत शेकडा ४० पिल्ले, म्हणजे त्या वर्षी जन्मलेले पक्षी होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० वर आले, आणि १९५७ मध्ये तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू दिसले. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात हेच आकडे मांडले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात हे पुढे सिद्ध झाले, १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, आणि २००७ मध्ये बाल्ड ईगलचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून निघाले. आज हॉक रिजवर एका हंगामात बाल्ड ईगल हजारांनी मोजले जातात. ब्राउन मोजायला बसले तेव्हा डीडीटी शेतात आलेच नव्हते. म्हणूनच ती वही पुढे साक्षीला उभी राहू शकली.

सगळेच आकडे मात्र आनंदाचे नाहीत. उत्तरेतले ससे आणि रानकोंबड्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि घटतात. त्या घटल्या, की बाज, म्हणजे आपल्या शिक्र्याचा थोरला भाऊ, मोठ्या संख्येने दक्षिणेला येतो. १९८२ मध्ये हॉक रिजवर पाच हजारांहून जास्त बाज मोजले गेले. नंतरची एकही लाट तेवढी उंच गेलेली नाही. हे का, यावर वाद होऊ शकतो. पण वादाला बसायला आकडे तरी आहेत.

आपल्याकडेही या इतिहासाचे एक भावंड आहे. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आसपास दिसणारा अमूर ससाणा आशियाच्या ईशान्य टोकाकडून आफ्रिकेला जातो. वाटेत नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी त्याचे लाखोंचे थवे उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून होणारी प्रचंड हत्या जगापुढे आली, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावकऱ्यांनीच ती थांबवली. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रे बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांग्ती अशी तिथलीच नावे दिली. पक्षी मारायचे थांबले, की माणसे त्यांचा माग ठेवू लागतात, असे दोन्हीकडे घडले.

तेव्हा वाचकहो, यंदा पाने बघायला निघालात, तर एक तास या टेकडीसाठी राखून ठेवा. प्रवेश फी नाही. जाकीट आणि थर्मासभर चहा न्या, वारा बोचरा असतो. सप्टेंबरचा मध्य साधला तर उत्तम. नाही साधला तरी जा. आकाश रिकामे दिसले, तर मुलांना वहीतला तो रिकामा तास जरूर दाखवा आणि तो कशासाठी लिहून ठेवतात तेही सांगा.