स्कॅनर काय लिहितो? : मेमरी कार्डांच्या अभ्यासाची प्रस्तावना

डिजिटल रेडिओ स्कॅनर घ्यायचा म्हटला की माणूस अँटेनावर महिनाभर खल करतो, मॉडेलवरून जाणकारांचे डोके खातो, बॅटरी किती तास टिकेल याची चौकशी करतो. मेमरी कार्ड मात्र दुकानातून निघता निघता, काउंटरवर लटकलेल्या पाकिटांतून उचलतो. स्वस्त असेल, मोठे असेल आणि पाकिटावर ‘अल्ट्रा’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ लिहिलेले असेल, तर काम झाले. पुढे तीन महिन्यांनी स्कॅनर सुरू होता होता अडकतो, तेव्हा दोष यंत्राला मिळतो. ही पुस्तिका त्या नखाएवढ्या कार्डाबद्दल आहे. विषय छोटा दिसत असला तरी त्यात रेडिओचा इतिहास, अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र, फाइल-व्यवस्था आणि थोडा कायदाही येतो. नव्या वाचकाने बिचकू नये. यातले बरेचसे गणित पाढ्यांपलीकडे जात नाही.

स्कॅनर ऐकण्याची ही परंपरा मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाची. तिथे प्रत्येक काउंटीचे पोलिस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आपापल्या रेडिओवर बोलतात आणि उघड्या वाहिन्या ऐकण्याला सर्वसाधारणपणे मुभा आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींना हा नाद लागतो. वादळाच्या किंवा वणव्याच्या रात्री टीव्हीच्या आधी स्कॅनर बोलतो, हे एकदा अनुभवले की तो सुटत नाही. पुस्तिका प्रथम त्यांच्यासाठी आहे.

स्कॅनरच्या स्मरणशक्तीचा इतिहास कार्डाच्या कितीतरी आधी सुरू होतो. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये दर वाहिनीमागे एक क्रिस्टल बसवावा लागे. अग्निशमन दलाने वारंवारता बदलली की ऐकणाऱ्याने नवा क्रिस्टल विकत आणायचा. पुढे कीपॅडवरून वारंवारता भरता येऊ लागली आणि त्या जपण्यासाठी आत एक छोटी बॅटरी आली. ती संपली की पाटी कोरी. १९९७ मध्ये युनिडेन या कंपनीने बीसी२३५एक्सएलटी आणला आणि स्कॅनरला ट्रंकिंग समजू लागले. ट्रंकिंगमध्ये कुठल्याही गटाची स्वतःची वाहिनी नसते. कंट्रोल चॅनेल दर वेळी मोकळी वाहिनी वाटून देतो आणि गट ओळखायचा तो टॉकग्रुपच्या क्रमांकावरून. म्हणजे स्कॅनरला आता नुसत्या वारंवारता पाठ असून भागेना. कोणती यंत्रणा, तिचे कोणते केंद्र, त्यावर कोणता क्रमांक कोणाचा, हे सगळे ठाऊक हवे.

ही माहिती माणसाने बोटांनी भरण्यापलीकडे गेली तेव्हा कार्ड आले. २०१० च्या सुमारास युनिडेनचा होमपॅट्रोल-१ आणि त्यापाठोपाठ जीआरईचा पीएसआर-८०० यांनी संपूर्ण देशाची नोंदवहीच यंत्रात घातली. घराचा झिप कोड टाका आणि ऐका, असा त्यांचा खाक्या. जीआरईने २०१२ मध्ये हे काम थांबवले आणि तिचे तंत्र व्हिसलरकडे गेले. टीआरएक्स मालिका त्यातूनच आली. युनिडेनकडून पुढे बीसीडी४३६एचपी आणि २०१८ मध्ये एसडीएस१०० आला. तेव्हापासून कार्ड ही जोडवस्तू उरली नाही. नोंदवही, आवडीच्या याद्या, मांडणी, ध्वनिमुद्रणे, सगळे तिथेच. आकाराने मोठ्या एसडी कार्डाचा जन्म १९९९ चा, सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता यांच्या एकत्र खटपटीतून. मायक्रो एसडी २००५ चे. म्हणजे स्कॅनरने उसने घेतलेले हे तंत्र कॅमेरे आणि मोबाइल फोन यांच्यासाठी घडले. गोंधळाचे मूळ तेच.

कॅमेऱ्याला काय हवे असते? चित्रफितीचा लोंढा न अडखळता उतरवून घेणारा वेग. पाकिटावरची प्रत्येक खूण त्याच गरजेतून आली आहे. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. आता स्कॅनरचा हिशोब मांडू. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज, म्हणजे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट. झाले १६,००० बाइट. सर्वांत जुन्यापैकी असलेल्या क्लास ४ ची हमी ४ मेगाबाइटची, म्हणजे गरजेच्या अडीचशे पट. तासाभराच्या अखंड बोलण्याला ५७.६ मेगाबाइट लागतात. ३२ जीबीच्या कार्डावर साडेपाचशे तासांहून अधिक बोलणे मावते आणि स्कॅनर तर शांतता लिहीतच नाही. वेगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण इथे मला दिसत नाही.

याच हिशोबात एक गंमत आहे. पोलिस-अग्निशमनाच्या डिजिटल रेडिओची जी पी२५ पद्धत, तिच्या पहिल्या टप्प्यात हवेतून येणारा आवाज सेकंदाला अवघे ४,४०० बिट असतो, चुका दुरुस्त करणारे २,८०० बिट धरले तरी ७,२००. कार्डावर मात्र १,२८,००० बिट उतरतात. फाइल एकोणतीस पट फुगते आणि त्या फुगवट्यात नवी माहिती काहीच नसते. खरी मोलाची गोष्ट वेगळी आहे : कोणत्या यंत्रणेवर, कोणत्या टॉकग्रुपवर, किती वाजता हे बोलणे झाले. काही स्कॅनर ही नोंद फाइलच्या आतच जोडतात. जागा वाचवायला म्हणून सरसकट एमपी३ करणारे आधी ती नोंद गमावतात आणि मग वर्षभराने ‘हा आवाज कुठला?’ म्हणून कपाळाला हात लावतात.

ज्यांना एका आवाजाऐवजी अख्खा पट्टाच उतरवून घ्यायचा आहे, त्यांचा मामला निराळा. संगणकाला जोडायची आरटीएल-एसडीआरसारखी स्वस्त डाँगल सेकंदाला २४ लाख नमुने घेत असेल तर दर सेकंदाला ४.८ मेगाबाइट येतात, तासाला १७ जीबीपेक्षा जास्त. तिथे वेगही लागतो आणि आकारही. दोन्ही कामांना एकच सल्ला देणारा माणूस भेटला तर त्याने दोन्हींपैकी एकच केले आहे असे समजावे.

आकाराच्या प्रश्नावर सर्वाधिक लोक ठेचकाळतात. एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचे कार्ड, त्यावर फॅट३२ ही फाइल-व्यवस्था. त्याहून मोठे ते एसडीएक्ससी, आणि ते कारखान्यातून एक्सफॅट घेऊन येते. एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टच्या मालकीची वस्तू होती. तिचा तपशील कंपनीने खुला केला तो २०१९ मध्ये. त्यामुळे त्याआधी घडलेल्या अनेक छोट्या यंत्रांना ती वाचताच येत नाही. स्कॅनरांना बहुतेक फॅट३२ च लागते. ६४ जीबीचे कार्ड घालून पडद्यावर कार्ड नसल्याची तक्रार दिसली, तर कार्ड बहुधा धडधाकट असते, यंत्राला त्याची लिपी येत नसते. वेगळे साधन वापरून मोठे कार्ड फॅट३२ मध्ये बांधता येते आणि ते पुष्कळदा चालतेही, पण साडेपाचशे तास हाताशी असताना हा उपद्व्याप कशाला? माझे मत १६ किंवा ३२ जीबीच्या बाजूने पक्के आहे. फॉरमॅट एसडी असोसिएशनच्या मोफत साधनानेच करावा. ते फाइल-व्यवस्थेची हद्द कार्डाच्या आतल्या पुसण्याच्या ठोकळ्यांशी जुळवून घालते. त्यानंतर स्कॅनरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने फोल्डरांची रचना पुन्हा बसवून घ्यावी.

फॅट३२ मधली एक मेख मात्र मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती पाकिटावर कधीच छापलेली नसते. स्कॅनर प्रत्येक बोलण्याची वेगळी फाइल करतो. ‘युनिट बारा, पोहोचलो’ एवढे तीन सेकंदांचे उत्तर घ्या. ४८,००० बाइट. कार्डावर जागा ३२ किलोबाइटच्या खणांत मिळते, म्हणून दोन खण जातात. हे सोसण्यासारखे. पण फॅट३२ मध्ये एका फोल्डरात जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात आणि लांब नावाला एक ओळ पुरत नाही. दर १३ अक्षरांमागे एक, शिवाय आखूड नावाची एक. तारीख आणि वेळ मिळून २३ अक्षरांचे नाव झाले की तीन ओळी खर्ची पडतात. म्हणजे सुमारे २१,८०० फाइलींनंतर त्या फोल्डरात जागा नाही. तीन-तीन सेकंदांच्या फाइली धरल्या तर जेमतेम दीड जीबी भरते आणि ३२ जीबीचे कार्ड ‘भरले’ म्हणून हात वर करते! स्कॅनर स्वतः सहसा फोल्डर पाडत जातो. घोटाळा होतो तो महिन्याभराची मुद्रणे हौसेने एकाच फोल्डरात ओतणाऱ्याकडून. आणि ती हद्द येण्याच्या कितीतरी आधी यंत्र मंदावते, कारण नाव शोधायला त्याला यादी वरपासून खाली वाचावी लागते. ‘कार्ड स्लो आहे’ या तक्रारींचे एक मूळ इथे सापडते.

टिकाऊपणाचे प्रकरण मोठे आहे. इथे फक्त तोंडओळख. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या कामातून १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी आली. तिच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार कोंडलेला असतो आणि दर लिहिण्या-पुसण्याने भोवतालचा निरोधक थर थोडा झिजतो. एका पेशीत एक बिट ठेवणारी जात लाखाच्या घरात फेरे सोसते, तीन बिट कोंबणारी स्वस्त जात हजारांच्या. वर छोट्या फाइलींचा मारा, म्हणजे थोडे लिहिण्यासाठी अख्खा ठोकळा हलवणे. गाडीतल्या डॅशकॅमसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ नावाची कार्डे मिळतात, ती स्कॅनरलाही मानवतात. वेगवान कार्डाऐवजी पैसे इथे घालावेत.

झिजण्यापेक्षाही जास्त कार्डे बिघडतात ती वीज तुटल्याने. फॅटला आपण अर्धवट काय करत होतो याची नोंद ठेवायची सवय नाही. लिहिता लिहिता बॅटरी ओढली किंवा गाडीची किल्ली फिरवली की यादी एक सांगते आणि खण दुसरेच. स्कॅनर त्याच्या बटणाने बंद करावा, मग किल्ली.

बनावट कार्डांबद्दल मराठीत आधीच म्हणून ठेवले आहे : नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कार्ड स्वतःच एक चिमुकला संगणक असतो. हॅम्बुर्गला भरलेल्या हॅकरांच्या ३०सी३ परिषदेत डिसेंबर २०१३ मध्ये ‘बनी’ ह्वांग आणि शॉन क्रॉस यांनी आतला नियंत्रक उघडा करून त्यात आपलाच प्रोग्रॅम चालवून दाखवला. जो नियंत्रक प्रोग्रॅम ऐकतो तो खोटेही बोलू शकतो. आत ८ जीबी असताना तो ६४ सांगतो आणि हद्द संपली की गुपचूप जुन्या माहितीवर लिहू लागतो. स्कॅनरच्या मालकाला हे कळते फार उशिरा, कारण नवी मुद्रणे यादीत दिसत राहतात. उपाय साधा आहे. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनांनी कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहावे. रात्रभर लागली तरी चालेल. नव्या कार्डाची ही परीक्षा झाल्याशिवाय ते स्कॅनरात घालू नये, या बाबतीत मी हट्टी आहे.

एक शंका अनुभवी मंडळी हमखास विचारतात : कार्डामुळे रेडिओत खरखर येते का? येऊ शकते. कार्डाशी बोलणी २५ किंवा ५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या ठोक्यावर चालतात आणि २५ ची सहावी पट म्हणजे १५०, ऐन व्हीएचएफ पट्ट्यात. पण हा दोष कवचाचा आणि मांडणीचा असतो. कार्डे बदलत बसण्याआधी मुद्रण बंद करून तीच वाहिनी ऐकून पाहावी.

कायद्याचे दोन शब्द. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सांकेतिक केलेले बोलणे उलगडणे गुन्हा ठरते, आणि न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत पोलिसांच्या वाहिन्या पकडणारे यंत्र गाडीत ठेवण्यावर बंधने आहेत. भारतात तर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगता येत नाही, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहे. सुट्टीत पुण्या-नाशिकला येताना स्कॅनर तिकडेच ठेवावा. कार्ड आणायला हरकत नाही.

अभ्यासकाला या कार्डांत रस का असावा, याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळते. ११ सप्टेंबर २००१ ची अग्निशमन दलाची रेडिओ संभाषणे लोकांना मिळायला २००५ उजाडले, आणि तेही न्यूयॉर्क टाइम्सने कोर्टात जाऊन. त्याच शहराच्या पोलिसांनी २०२३ पासून आपल्या वाहिन्या सांकेतिक करायला घेतल्या. म्हणजे सामान्य माणसाने कायदेशीरपणे ऐकलेल्या शहराच्या आवाजाला आता शेवटची तारीख लागते आहे, आणि त्याआधीचे पुष्कळसे मुद्रण कोणाच्या तरी खणात पडलेल्या कार्डांवर आहे. वापरात नसलेल्या फ्लॅश पेशीतला भार वर्षागणिक गळत जातो, उन्हात तापलेल्या गाडीत आणखी लवकर. या पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण अशी जुनी कार्डे कशी वाचावीत, त्यांची तंतोतंत प्रत कशी काढावी यावर आहे. ज्यांच्याकडे अशी कार्डे असतील त्यांनी ते प्रकरण आधी वाचावे. बाकीची प्रकरणे थांबू शकतात.